पक्षी आणि सस्तन प्राण्यांचे आहारगट कसे पाडावेत

प्रश्न असा आहे: एका परिसरातल्या पक्ष्यांची आणि सस्तन प्राण्यांची साठ-सत्तर प्रजातींची यादी हाताशी आहे आणि खाण्याच्या पद्धतीनुसार त्यांचे गट पाडायचे आहेत. शाकाहारी, मांसाहारी, सर्वभक्षी असे तीन कप्पे करून पाहिले, तर पाकोळी आणि सुतार एकाच कप्प्यात आले, चितळ आणि पोपटही एकाच कप्प्यात. हे पटत नाही. मग करावं कसं?

पटत नाही ते योग्यच आहे. त्या तीन कप्प्यांत 'काय खातं' एवढंच येतं, आणि तेही मोघम. कामाचे गट हवे असतील तर तीन प्रश्न विचारावे लागतात, याच क्रमाने: काय खातं, ते कुठून आणि कोणत्या युक्तीने मिळवतं, आणि केव्हा. प्रत्येकासाठी तक्त्यात वेगळे स्तंभ ठेवा आणि ते भरून होईपर्यंत गटांना नावं देऊ नका. बहुतेक घोटाळे नाव आधी आणि माहिती मागाहून, या उलट्या क्रमातून होतात. एकदा 'कीटकभक्षी' असा शिक्का बसला की त्याच पक्ष्याने दोन महिने खाल्लेली फळं कुणाच्या नजरेला पडत नाहीत.

पर्यावरणशास्त्रात अशा गटाला 'गिल्ड' म्हणतात. रिचर्ड रूट यांनी १९६७ मध्ये, ओकच्या रानात पानांवरचे कीटक टिपणाऱ्या पक्ष्यांचा अभ्यास मांडताना ही कल्पना रुजवली: एकाच प्रकारचं संसाधन सारख्या पद्धतीने वापरणाऱ्या प्रजातींचा गट, मग त्यांचं आपसातलं नातं काही का असेना. शब्द मूळचा एकाच धंद्यातल्या कारागिरांच्या संघाचा. 'एका धंद्यातली मंडळी' म्हटलं की मराठीत भाव नेमका पोचतो. या व्याख्येतला शेवटचा तुकडा, नात्याचा, सगळ्यात जास्त विसरला जातो.

नात्यावरून गट पाडायला गेलं की फसगत होते, याचे दाखले हवे तितके आहेत. महाकाय पांडा मांसभक्षी गणातला, आतडंही त्याच घाटाचं आखूड, पण आहार जवळजवळ सगळा बांबूचा. खाल्लेल्यातलं जेमतेम १७ टक्के त्याला पचतं, म्हणून दिवसाला दहा-बारा किलोंच्या वर बांबू त्याला चघळत बसावं लागतं. आर्डवुल्फ तरसाच्या कुळातला, पण जगतो वाळवीवर. एका रात्रीत दोन लाखांच्या वर वाळवी चाटून खातो आणि त्याच्या दाढा झिजून गेल्यासारख्या बारीक खुंट्या झाल्या आहेत. गेंड्यांत पांढऱ्या गेंड्याचा ओठ रुंद आणि सपाट, तो गवत कापत चालतो. काळ्या गेंड्याचा वरचा ओठ टोकदार आणि पकड घेणारा, तो झुडपांच्या डहाळ्या खुडतो. कुळ एक, गट दोन. उलटही तितकंच खरं. खवले मांजर, महाकाय मुंगीखाऊ, आर्डवार्क आणि काटेरी एकिडना हे चार वेगवेगळ्या गणांतले, पण चौघांचं हत्यार एकच: लांब, चिकट जीभ. पाकोळी आणि भिंगरी दिसायला बहिणी वाटतात, प्रत्यक्षात पाकोळीचं जवळचं नातं गुंजनपक्ष्यांशी. तरीही हवेत उडते कीटक झेलणाऱ्यांच्या गटात दोघी शेजारीशेजारी बसतात, आणि तिथेच रात्रपाळीला वटवाघूळ येतं.

आता पहिला स्तंभ, म्हणजे आहार. इथे 'हो-नाही' लिहू नका, टक्के लिहा. दहा-दहाच्या टप्प्याने लिहिलेले पुरतात, त्याहून बारीक आकडे बहुतेक वेळा उसन्या अचूकतेचे असतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एल्टनट्रेट्स' या संचात ९,९९३ पक्षी आणि ५,४०० सस्तन प्रजातींचा आहार असाच मांडला आहे, आणि त्याचे दहा प्रकार बहुतेक ठिकाणी चालतात: अपृष्ठवंशी (कणा नसलेले, म्हणजे कीटक वगैरे) जीव, उष्ण रक्ताचे पृष्ठवंशी (पक्षी आणि सस्तन), सरडे-बेडूक वगैरे थंड रक्ताचे, मासे, कोणते ते न कळलेले पृष्ठवंशी, मृतमांस, फळं, मधुरस, बिया, आणि पानं-गवत-मुळं असा बाकीचा वनस्पतिभाग. बेरीज शंभर व्हायलाच हवी. ती ११० येत असेल तर कुणीतरी एकच गोष्ट दोनदा मोजली आहे. बहुधा 'फळं' आणि 'बिया' यांच्यात घोळ असतो.

टक्के भरले की प्रमुख गट काढायचा. एल्टनट्रेट्समधली रीत अशी: बिया आणि पाला एक जोडी, फळं आणि मधुरस दुसरी, अपृष्ठवंशी जीव तिसरा गट, पृष्ठवंशी-मासे-मृतमांस चौथा. ज्याची बेरीज ५० च्या वर जाते तो प्रमुख. चारपैकी कुणीच ५० ओलांडलं नाही तर सर्वभक्षी. समजा, एका पक्ष्याचा आहार फळं ५०, कीटक ४०, मधुरस १०. फळं आणि मधुरस मिळून ६०, म्हणून तो फळ-मधुरस गटात. दुसऱ्याचा फळं ४०, कीटक ४०, बिया २०: कुणाचीच बेरीज ५० वर नाही, तो सर्वभक्षी. सीमारेषा ५० ऐवजी ६० ठेवणारेही आहेत. कोणतीही घ्या, पण तक्त्याच्या डोक्यावर लिहून ठेवा आणि मधेच बदलू नका.

सर्वभक्षी हा कप्पा मात्र अडगळीच्या खोलीसारखा आहे. जे कुठे बसत नाही ते तिथे टाकलं जातं आणि शेवटी कावळा, रानडुक्कर, अस्वल, साळुंकी आणि उंदीर एकत्र सापडतात, ज्यातून कुणालाच काही कळत नाही. यावर दोन उपाय आहेत. एक, आहाराची रुंदी मोजा. लेव्हिन्स यांचं सूत्र सोपं आहे: प्रत्येक प्रकाराचा वाटा दशांशात घ्या, त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा आणि १ ला त्या बेरजेने भागा. वाटे ०.६, ०.३ आणि ०.१ असतील तर वर्गांची बेरीज ०.३६ + ०.०९ + ०.०१ = ०.४६, आणि रुंदी १ ÷ ०.४६ = सुमारे २.१७. म्हणजे हा प्राणी जणू दोनच गोष्टी सारख्या प्रमाणात खातो. पाच गोष्टी समसमान खाणाऱ्याची रुंदी ५ येते. दोघांनाही 'सर्वभक्षी' म्हणणं हा आळस झाला. दुसरा उपाय म्हणजे सर्वभक्षींना पुढच्या स्तंभाने फोडणं: जमीन उकरणारे, झाडावर शोधणारे, माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर येणारे. रानडुक्कर आणि कावळा इथेच वेगळे होतात.

दुसरा स्तंभ, जागा आणि युक्ती, हाच या कामाचा गाभा आहे, आणि तो कीटक खाणाऱ्या पक्ष्यांत जितका स्वच्छ दिसतो तितका दुसरीकडे क्वचित. सगळ्यांचा पहिला स्तंभ जवळपास सारखाच भरलेला, 'अपृष्ठवंशी ८०-१००', आणि तरी त्यांच्यात साम्य किती थोडं! पाकोळी दिवसभर उडत राहते आणि उडतच खाते. वेडा राघू उघड्या फांदीवर बसून वाट पाहतो, माशी दिसली की झेपावतो, पुन्हा त्याच फांदीवर येतो आणि शिकार मधमाशी असेल तर नांगी निघेपर्यंत तिला फांदीवर घासतो. कोतवालही बैठकीवरूनच झेप घेतो, पण जमिनीवरही उतरतो आणि गुरांच्या पाठीवर बसून त्यांच्या पायांनी उठलेले नाकतोडे टिपतो. नाचण शेपटीचा पंखा फुलवत झुडपातून हिंडतो आणि बिथरून उडालेले कीटक पकडतो. शिंपी आणि वटवट्या पानामागून पान तपासतात, उडत नाहीत, झेपावत नाहीत, नुसतं टिपतात. सुतार खोड ठोकून आतली अळी बाहेर काढतो. त्याच खोडावर शिलिंध्री डोकं खाली करून उतरते आणि सालीच्या फटीत वरून जे दिसत नाही ते पाहते. हुदहुद लांब चोच मातीत खुपसतो. रातवा अंधार पडला की रुंद जबडा उघडून पतंग झेलतो. एवढ्यांना एकाच गटात ठेवून रान तोडल्याचा परिणाम मोजला, तर आकडे काहीच सांगणार नाहीत. जंगलाचे तुकडे पडले की सहसा आधी कमी होतात ते झुडपांतले आणि जमिनीवरचे कीटकभक्षी. हवेत झेलणाऱ्यांना मोकळं रान उलट मानवतं. दोघांची बेरीज केली की घट आणि वाढ एकमेकांना खाऊन टाकतात.

म्हणून पक्ष्यांसाठी नोंदीत किमान या गोष्टी हव्यात: वेळ, प्रजाती, भक्ष्याकडे जाण्याची कृती (टिपणं, झेपावणं, हवेत स्थिर राहून घेणं, खुपसणं, ठोकणं, उलटं लटकणं), भक्ष्य कशावर होतं (हवा, पान, डहाळी, खोड, जमीन, पाणी), जमिनीपासूनची उंची, तिथल्या झाडाची एकूण उंची, आणि दिसलं तर भक्ष्य. एक नोंद अशी दिसते: 'सकाळी ७.२०, वेडा राघू, झेप, हवा, ४ मी., झाड ९ मी.; माशी; यशस्वी.' भक्ष्य ओळखता आलं नाही तर रकाना कोरा ठेवा. अंदाजाने 'कीटक' लिहिलेल्या नोंदी पुढे खऱ्या नोंदींत बेमालूम मिसळतात आणि मग वेगळ्या काढता येत नाहीत.

या नोंदींत दोन पाय घसरण्याच्या जागा आहेत. पहिली दृश्यमानतेची. झेपावणारा पक्षी लगेच दिसतो, दाट पानांत टिपणारा दिसत नाही. पक्षी नजरेला पडला त्या क्षणाची कृती लिहिली, तर झेपांचा आकडा फुगतो. म्हणून दिसल्यावर काही सेकंद थांबून पुढची कृती नोंदवा. दुसरी जागा म्हणजे एकाच पक्ष्याच्या सलग वीस नोंदी. त्या वीस नसतात, जेमतेम एक-दोन असतात, कारण एका फांदीवर बसलेला पक्षी पुढचा प्रयत्न तिथूनच करणार. एका पक्ष्याची एकच नोंद घ्या, पुढच्या पक्ष्याकडे जा. अशा स्वतंत्र नोंदी तीसच्या खाली असलेल्या प्रजातीला बारीक गटात बसवण्याची घाई करू नये.

फळं आणि बिया यांचा गुंता वेगळ्या जातीचा आहे. वडाच्या झाडावर एकाच वेळी तांबट, धनेश, हरियाल आणि पोपट बसलेले दिसतात, चौघंही वडाची फळं खाताहेत. तांबट आणि धनेश यांच्या पोटातून बी शाबूत बाहेर पडते, ओकून किंवा विष्ठेतून, आणि दूर कुठे रुजते. हरियालाची पेषणी (पोटाचा अन्न दळणारा भाग) मात्र जाड स्नायूंची, तिच्यात वाळूचे कण असतात आणि बारीक बिया तिथे भरडल्या जातात. पोपट तर चोचीनेच बी फोडतो. झाडाच्या दृष्टीने पहिले दोघे वाहतूकदार, पुढचे दोघे बियांचे शत्रू. बीजप्रसाराचा अभ्यास असेल तर 'फलाहारी' हा गट तोडलाच पाहिजे: फळ गिळून बी पसरवणारे, गर खाऊन बी जागीच टाकणारे, आणि बी नष्ट करणारे. सस्तन प्राण्यांतही हीच वाटणी लागू पडते. उदमांजराच्या विष्ठेत अख्ख्या बिया मिळतात. फळं खाणारं वटवाघूळ रस चोखून चोथा थुंकतं, बारीक बिया गिळतं आणि मोठी बी नेऊन दुसऱ्याच झाडाखाली टाकतं. खार बी कुरतडून खाते, पण साठवून विसरलेल्या बिया रुजतात, त्यामुळे तिला शत्रूही म्हणता येत नाही आणि मित्रही.

मधुरसाचं प्रकरण लहान आहे. अमेरिका खंडांत गुंजनपक्षी, आफ्रिका-आशियात शिंजीर, ऑस्ट्रेलियात मधुभक्षी पक्षी आणि कुंचल्यासारख्या जिभेचे लोरिकीट, सस्तनांत काही वटवाघळं आणि मधुरस-परागांवरच जगणारा चिमुकला हनी पॉसम. लक्षात ठेवायचं ते इतकंच की रसात साखर असते, प्रथिनं नगण्य. त्यामुळे शिंजीर आणि गुंजनपक्षी कीटकही पकडतात. 'मधुरस १००' लिहिलेला पक्षी दिसला की तो आकडा पुन्हा तपासा.

गवत-पाला खाणाऱ्या मोठ्या सस्तनांकडे वळलं की 'शाकाहारी' हा शब्द किती तोकडा आहे ते कळतं. गाय चरते, शेळी पाला ओरबाडते, हा फरक गुराख्याला कुणी शिकवावा लागत नाही. रवंथ करणाऱ्यांसाठी हॉफमन यांनी केलेली विभागणी आजही वापरली जाते: भरपूर चोथ्याचं गवत खाणारे, निवडून कोवळा पाला-फळं-शेंगा खाणारे, आणि ऋतूप्रमाणे दोन्हीकडे जाणारे मधले. म्हैस पहिल्यात, जिराफ दुसऱ्यात, शेळी आणि चितळ मधल्यात. हिरवं गवत असेतो चितळ चरतं, गवत वाळलं की पाला आणि गळालेल्या फळांकडे वळतं. वानरांनी झाडावरून टाकलेल्या डहाळ्या खायला त्यांच्याखाली येतं तेही तेव्हाच जास्त.

या तिघांशिवाय पचनाचा मुद्दा आहे. रवंथ करणाऱ्यांत अन्न पोटाच्या पुढच्या कप्प्यात आंबतं आणि बारीक होईपर्यंत पुढे सरकत नाही. घोडा, गेंडा, हत्ती यांच्यात ते मागे, मोठ्या आतड्यात आणि अंधांत्रात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत) आंबतं. दुसऱ्या पद्धतीत पचन कमी होतं, पण अन्न लवकर पुढे जातं, त्यामुळे हलक्या प्रतीचं गवत मोठ्या प्रमाणात खाऊन भागवता येतं. ससाही मागेच आंबवतो, पण आकाराने लहान असल्यामुळे त्याला एवढी नासाडी परवडत नाही, म्हणून तो अंधांत्रातून आलेल्या मऊ लेंड्या पुन्हा खातो. शरीराचा आकार म्हणूनच तक्त्यात वेगळ्या स्तंभात हवा. उर्जेची गरज वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, साधारण ०.७५ या घातांकाने वाढते. पोटाची जागा मात्र वजनाबरोबर वाढते. मोठ्या प्राण्याला दर किलोमागे कमी उर्जा पुरते आणि निकृष्ट चारा चालतो, छोट्या हरणाला कोंब आणि कळ्या निवडाव्याच लागतात. वजन तक्त्यात घालताना त्याचा लॉगॅरिदम घ्या, नाहीतर एक हत्ती सगळी आकडेमोड स्वतःकडे ओढून घेतो.

दात आणि चोच पाहून आहार ओळखता येतो का, हे ओघाने विचारलं जातंच. बऱ्याच अंशी येतो. उंच दाढा वाळूमिश्रित गवत खाणाऱ्यांच्या, बुटक्या दाढा पाला खाणाऱ्यांच्या. वरच्या पटाशीच्या दातांऐवजी कडक हिरडी असेल तर तो गाय-हरणाच्या जातीचा, रवंथ करणारा. कात्रीसारख्या एकमेकांना घासून जाणाऱ्या दाढा, वरची शेवटची उपदाढ आणि खालची पहिली दाढ, हे मांस कापण्याचं हत्यार. आखूड, जाड, शंकूसारखी चोच दाणे फोडणाऱ्याची. पक्ष्यांच्या बाबतीत २०२२ मध्ये आलेल्या 'ॲव्होनेट' संचात ११,००९ प्रजातींची चोच, पंख, पाय, शेपूट यांची मापं आहेत, आणि त्यांवरून आहाराचा अंदाज चांगला बांधता येतो. पण अवयव सांगतो तो प्राणी काय खाऊ शकतो एवढंच, आज काय खातोय ते नाही. पांड्याचे सुळे पाहून बांबू सुचणार नाही. अस्वलाचं उदाहरण आणखी बोलकं आहे: त्याच्या वरच्या जबड्यात समोरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ओठांची नळी करून ते वारुळातली वाळवी सूं-सूं करत ओढतं. फट पाहून वाळवी ओळखता येते, पण जांभळं-बोरं पिकली की त्याच अस्वलाच्या विष्ठेत बियाच बिया दिसतात, ते त्या फटीतून कळत नाही.

मांस खाणाऱ्यांत टक्क्यांची रूढ विभागणी अशी: आहारात ७० टक्क्यांच्या वर पृष्ठवंशी मांस असेल तर निव्वळ मांसाहारी (मांजरकुळ), ३० च्या खाली असेल तर नावापुरता (उदमांजर, बरीच अस्वलं), मधे असतील ते मिश्र (खोकड, कोल्हा). यापुढे भक्ष्याच्या आकाराने फोडा. जमिनीवरच्या शिकाऱ्यांत साधारण २१ किलोंच्या आसपास एक उंबरठा आहे. त्याखालचे बहुतेक स्वतःपेक्षा पुष्कळ लहान भक्ष्यावर भागवतात, वरच्यांना उंदीर-कीटक गोळा करून पोट भरणं परवडत नाही, म्हणून ते मोठं जनावर मारतात. कळपाने शिकार करणारे रानकुत्रे या नियमाला अपवाद ठरतात, आणि म्हणूनच 'एकटा की कळपाने' हा रकाना इथे हवा.

शिकारी प्राणी खाताना क्वचित दिसतो, म्हणून विष्ठेवर अवलंबून राहावं लागतं. नमुना धुवून एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक चाळणीतून गाळायचा, वाळवायचा, त्यातले वीसेक केस कुठलेही निवडून सूक्ष्मदर्शकाखाली केसाच्या आतल्या गाभ्याची आणि बाहेरच्या खवल्यांची नक्षी संदर्भ-केसांशी ताडून पाहायची. इथपर्यंत सगळे बरोबर करतात. चूक होते ती पुढे, जेव्हा 'इतक्या टक्के विष्ठेत ससा' हाच आहार समजला जातो. लहान जनावरात मांसाच्या मानाने केस जास्त, त्यामुळे त्याच्या विष्ठा जास्त बनतात आणि त्याचा वाटा फुगतो. मोठ्या मार्जारांसाठी वापरतात ती दुरुस्ती प्यूमा या अमेरिकेतल्या मोठ्या मार्जारावरच्या प्रयोगांतून आली आहे: एका विष्ठेमागे खाल्लेलं मांस (किलो) = १.९८ + ०.०३५ × भक्ष्याचं वजन. समजा ४५ किलोच्या चितळाच्या २० विष्ठा आणि ३ किलोच्या सशाच्या २० विष्ठा मिळाल्या. चितळासाठी प्रत्येकी सुमारे ३.५६ किलो, एकूण ७१ किलो, म्हणजे दीड चितळ. सशासाठी प्रत्येकी २.०९ किलो, एकूण ४२ किलो, म्हणजे चौदा ससे. विष्ठा सारख्याच, पण मांसाचा वाटा ६३ विरुद्ध ३७, आणि मेलेल्या जिवांची संख्या नेमकी उलटी. गट मांसाच्या वाट्यावर पाडायचे. हे सूत्र दोन किलोंहून लहान भक्ष्याला लावू नये, आणि विष्ठा बिबट्याची की वाघाची याची खात्री केवळ जाडीवरून होत नाही.

मृतभक्षींमध्ये एक भेद विसरू नका. पूर्णपणे मेलेल्या जनावरांवर जगणारे जमिनीवरचे पृष्ठवंशी म्हणजे गिधाडंच. तरस, कोल्हा, घार, कावळा हे मिळालं तर खाणारे. गिधाडं गेली की बाकीचे ती जागा भरून काढतील असं कागदावर वाटतं, पण उंच घिरट्या घालत मैलोन्‌मैल हेरून तासाभरात सांगाडा उरवण्याचं काम कुत्र्यांच्या टोळीला जमत नाही.

पाण्यातल्यांचं थोडक्यात: गाळून खाणारे हा वेगळा गट ठेवा. रोहित पक्षी डोकं उलटं करून चोचीतल्या बारीक दातऱ्यांतून पाणी गाळतो, निळा देवमासा जबड्यातल्या झालरीतून क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) गाळतो. वजनात हजारोपट फरक, युक्ती एक. चिखलावर टिपणाऱ्या पक्ष्यांना चोचीच्या आणि पायांच्या लांबीने फोडलं की काम होतं: किती खोल पाण्यात उभं राहता येतं आणि किती खोल खुपसता येतं, एवढेच दोन आकडे.

तिसरा स्तंभ, केव्हा. दिवस-रात्र-संधिप्रकाश तर लिहायचंच, त्याहून महत्त्वाचा ऋतू. बहुतेक दाणेखाऊ पक्षी पिलांना कीटक भरवतात. चिमणी आणि सुगरण वर्षभर दाण्यावर, पण घरट्यात चोच उघडून बसलेल्या पिलाला अळ्या लागतात. विणीच्या काळातच निरीक्षण केलं तर त्या कीटकभक्षी ठरतील. अशा प्रजातीच्या दोन ओळी करा, विणीची आणि विणीबाहेरची, आणि सरासरी काढू नका. ५० टक्के दाणे आणि ५० टक्के कीटक खाणारी चिमणी वर्षातल्या कुठल्याच दिवशी अस्तित्वात नसते.

आहार कळण्याच्या इतर पद्धतींचेही आपापले दोष आहेत, ते माहीत असले की पुरे. पोटातल्या किंवा विष्ठेतल्या अवशेषांत भुंगेऱ्यांची पाठ आणि मुंग्यांची डोकी टिकतात, सुरवंट विरघळून जातात, म्हणून कठीण कवचाचे जीव जास्त मोजले जातात. घुबडाच्या उलटीच्या गोळ्यांत हाडं जवळजवळ शाबूत मिळतात, ससाण्याच्या गोळ्यांत फारशी नाही, म्हणून या दोघांची तुलना गोळ्यांवरून करू नये. डीएनए तपासणीत बेडकाने खाल्लेला कीटक सापाच्या आणि मग गरुडाच्या खात्यावर पडतो, आणि यंत्राने वाचलेल्या डीएनए-तुकड्यांची संख्या म्हणजे खाल्लेल्याचं वजन नव्हे. कार्बनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू; त्यांच्या प्रमाणाचं मूल्य दर हजारी मोजतात) गवत की पाला हे उष्ण प्रदेशांत छान कळतं, कारण तिथलं बहुतेक गवत उणे १३ च्या आसपास आणि झाडं-झुडपं उणे २७ च्या आसपास असतात. थंड प्रदेशात मात्र गवतही झाडांसारखंच मूल्य दाखवतं आणि ही पद्धत तिथे मुकी होते. बांबू गवताच्या कुळातला असूनही झाडांच्याच बाजूला पडतो, हेही ध्यानात असू द्या. नायट्रोजनचं मूल्य अन्नसाखळीच्या दर पायरीला तीन-चार एककांनी चढतं, त्यावरून पायरी कळते, भक्ष्य कळत नाही.

आता प्रत्यक्ष गट. साठ-सत्तर प्रजातींसाठी हातानेही पाडता येतात: आधी प्रमुख आहार, मग जागा-युक्ती, मग वेळ, अशी उतरती किल्ली. संगणकाने करायचं असेल तर आधी दर दोन प्रजातींतला फरक एका आकड्यात, म्हणजे 'अंतर' म्हणून, मोजावा लागतो: फक्त टक्के असतील तेव्हा ब्रे-कर्टिस अंतर, आणि टक्के, मापं, 'दिवसा-रात्री' असं मिश्र असेल तेव्हा गावर अंतर घ्या. साधं युक्लिडीय (सरळ रेषेतलं) अंतर टाळा, कारण दोघं एखादी गोष्ट खात नाहीत हेही त्यात साम्य धरलं जातं. गावरमध्ये भार वाटून द्यायला विसरू नका. आहाराचे दहा स्तंभ, युक्तीचे सहा आणि वेळेचा एक, असे तसेच टाकले तर वेळेचा आवाज ऐकूच येणार नाही. प्रत्येक संचाला सारखा एकूण भार द्या: आहाराच्या प्रत्येक स्तंभाला एक-दशांश, युक्तीच्या प्रत्येकाला एक-षष्ठांश, वेळेला पूर्ण एक. मग सरासरी-जोड पद्धतीने, म्हणजे सरासरी अंतर सगळ्यात कमी असलेले गट एकेक करून जोडत, फांद्यांचं झाड काढा.

झाड कुठे छाटायचं, याला पक्का आकडा नाही. एका ऋतूच्या नोंदी काढून टाकून पुन्हा झाड काढा, तरी जे गट टिकतात ते खरे. सत्तर प्रजातींचे पंचवीस गट पडले आणि त्यातले बारा एकेकट्याचे असतील, तर छाटणी फार बारीक झाली. एकेकट्याचा गट चुकीचाच असतो असं मात्र नाही. रक्तावरच जगणारी वटवाघळं जगात तीनच प्रजातींची आहेत, त्यांना दुसऱ्या कुणात कोंबण्यात अर्थ नाही. गटाचं नाव असं द्या की वाचणाऱ्याला प्राणी डोळ्यांसमोर दिसावा: 'दिवसा, जमिनीवर, दाणे टिपणारे', 'रात्री, हवेत, कीटक झेलणारे'. गट १, गट २ असं लिहिलेलं पुढच्या वर्षी लिहिणाऱ्यालाही कळत नाही.

शेवटचा स्तंभ खात्रीचा ठेवा: स्वतःच्या नोंदींवरून 'अ', त्या प्रजातीवरच्या दुसऱ्यांच्या नोंदींवरून 'ब', जवळच्या नातेवाइकावरून अंदाजाने 'क'. मोठ्या तयार संचांतही दुर्मीळ प्रजातींच्या बऱ्याच ओळी 'क' दर्जाच्या असतात, आणि तशी खूण तिथे केलेली असते, फक्त ती कुणी वाचत नाही. गट एकदा सगळ्या ओळी घेऊन काढा, एकदा 'क' वगळून. दोन्ही वेळा वेगळ्या गटात उडी मारणारी प्रजाती आढळली तर तिला जबरदस्तीने एका जागी बसवू नका. तक्त्यात तिच्यापुढे दोन्ही गट लिहा आणि पुढच्या हंगामात तिच्या नोंदी आधी घ्या.